येऊ दे... येऊ दे...

फर्स्ट इयरला हॉस्टेलवर पहिल्याच रात्री सीनियर्सनी इंट्रो घेतला. नाव, गाव, बारावीचे मार्क झाले की पुढचा प्रश्न ठरलेला, "बाप काय करतो रे?" कुणाचा डॉक्टर, कुणाचा मास्तर, एकाचा साखर कारखान्यात चीफ केमिस्ट. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "ट्रान्सपोर्टमध्ये आहेत." पुढे कुणी विचारलं नाही. चार वर्षं हे वाक्य मी जपून वापरलं. खोटं नव्हतंच ते. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. कुंभार्ली घाट त्यांना तोंडपाठ होता.

मंडळी, मासिकाच्या संपादकांनी माझ्याकडे खरं म्हणजे प्रवासवर्णन मागितलं होतं. "सर, तुम्ही बाहेर होता ना, तिकडचं काहीतरी लिहा, फोटोही द्या." फोटो दिलेत. पण त्या प्रवासात जे झालं ते वगळून लिहायला बसलो तर नुसती गावांची यादी होते आहे, म्हणून सगळंच लिहितो.

२०२३ चा एप्रिल. मी ग्लासगोला एम.एस्सी. करत होतो, विषय माती आणि दगड, म्हणजे जिओटेक. माझा हॉस्टेलचा रूममेट मँचेस्टरला नोकरीला होता. त्याला आम्ही सगळे 'शेठ' म्हणायचो, कारण महिनाअखेरीला फक्त त्याच्याकडेच पैसे शिल्लक असायचे. ईस्टरच्या सुट्टीत शेठचा फोन आला, "आपलं तारकर्लीचं काय झालं रे?" चार वर्षांत आम्ही तारकर्लीचा प्लॅन निदान नऊ वेळा केला होता. कधी सबमिशन, कधी केटी, एकदा तर गाडीच मिळाली नव्हती. मग ठरलं, तारकर्ली नाही तर नाही, स्काय बेटावर जाऊ. गाडी भाड्यानं घ्यायची, गाइड नाही, टूर नाही, नकाशा घ्यायचा आणि आपलं आपण फिरायचं.

गाडी चालवणार मी, कारण शेठकडे लायसन्स नव्हतं. आपलं भारतातलं लायसन्स तिथे पहिले बारा महिने चालतं, आणि तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. त्यामुळे कागदोपत्री मी एकदम फिट. प्रत्यक्षात मी ड्रायव्हिंग शिकलो होतो पंधरा दिवसांच्या मोटार ट्रेनिंगमध्ये, जिथे ब्रेक आणि क्लच दोन्ही मास्तरांच्याच पायाखाली असतात! बाबांनी बारावीनंतर विचारलं होतं, "चल, सुट्टीत गाडी शिकवतो." मी म्हणालो होतो, "मला काय ड्रायव्हर व्हायचंय?"

बाबा काही बोलले नाहीत. डबा उचलून ड्युटीवर गेले.

असो. ग्लासगोहून फोर्ट विल्यमवरून काइल ऑफ लोखाल्शला पोचायला दुपार झाली. तिथून पूल ओलांडला की स्काय. हा पूल १९९५ साली झाला, आणि झाल्या झाल्या त्यावर सणसणीत टोल लागला. बेटावरच्या लोकांनी टोल भरायला चक्क नकार दिला, खटले अंगावर घेतले, वर्षानुवर्षं भांडले, आणि डिसेंबर २००४ मध्ये टोल बंद करून घेतला. शेठ म्हणाला, "च्यायला, आपलीच माणसं दिसतात." बेट मोठं आहे, सुमारे साडेसोळाशे चौरस किलोमीटर, मुंबईच्या अडीचपटीहून जास्त. माणसं मात्र दहा हजारांच्या आसपास. मेंढ्या कुणी मोजल्यात की नाही ठाऊक नाही, पण त्या रस्त्याच्या मधोमध बसतात आणि हॉर्नला दाद देत नाहीत.

स्लिगाखनला डावीकडे कूलिनचे सुळके दिसले. काळे, दातेरी. सगळ्यात उंच सुळका ९९२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईसमोर (१६४६ मीटर) पोरगाच. पण हा पोरगा समुद्रातून सरळ उभा राहिलाय, त्यामुळे मान वर करून बघावं लागतं. दगड गॅब्रो जातीचा, सॅंडपेपरसारखा खरबरीत, आणि काही ठिकाणी इतका चुंबकीय की होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं.

तिथून पोर्ट्रीकडे जाताना उजवीकडे ब्रेस नावाच्या वस्तीचा फाटा लागतो. १८८२ साली तिथल्या कुळांनी डोंगरावरच्या चराईच्या हक्कासाठी पोलिसांशी दगडधोंड्यांनी मारामारी केली होती. त्याआधी जमीनदारांनी मेंढ्यांसाठी गावंच्या गावं रिकामी केली होती. पुढे १८८६ मध्ये कुळांच्या बाजूनं कायदा झाला. पण गेलेले परत आले नाहीत. अजून माळावर छपरं नसलेली दगडी घरं दिसतात. आमच्या वाडीत कुलूप लागलेली घरं आहेत तीही अशीच गप्प असतात, फक्त तिथे गणपतीला कुलूप निघतं.

रात्र पोर्ट्रीत काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉटर्निशची फेरी सुरू केली, आणि इथे माझ्यातला जिओटेकवाला जागा झाला. म्हणजे शेठच्या भाषेत, पकवायला लागला. पण मित्रांनो, विषयच तसा आहे. स्कायचा हा सगळा उत्तर भाग बेसॉल्टचा. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी, अटलांटिक महासागर या बाजूला उघडत होता तेव्हा, इथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्याच जातीचा. डेक्कन ट्रॅपमधला 'ट्रॅप' हा शब्द पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. त्या पायऱ्या इथे जशाच्या तशा! पहिल्या वळणावर मला क्षणभर वाटलं, आता खाली कोयनेचं पाणी दिसणार. दिसला समुद्र.

'ओल्ड मॅन ऑफ स्टॉर' हा पन्नासेक मीटरचा सुळका, चिखलातून चढून गेलो, ढग आला, काही दिसलं नाही, उतरलो. पुढे किल्ट रॉक. समुद्राच्या काठावर दगडाचे उभे खांब, स्कॉटिश लोकांच्या घागऱ्याच्या चुण्यांसारखे, म्हणून हे नाव. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल त्यांनी तेच खांब डोळ्यांसमोर आणावेत. शेजारी मील्टचा धबधबा थेट समुद्रात पडतो. स्टॅफिनच्या किनाऱ्यावर डायनासोरच्या पावलांचे ठसे आहेत. ते ओहोटीला दिसतात, आम्ही अर्थातच भरतीला पोचलो.

खरी गंमत आहे ती क्विरँगला. इथे खाली जुरासिक काळातले मऊ, ठिसूळ थर, आणि त्यांच्या डोक्यावर बेसॉल्टचं ओझं. खालच्याला ते पेलवत नाही. मग डोंगराची अख्खी बाजू तुटून, खाली सरकून, मागे कलंडून बसलीय. ब्रिटनमधली ही सगळ्यात मोठी दरड. आणि ती अजून थांबलेली नाही. पायथ्याशी फ्लॉडिगॅरीजवळचा रस्ता दरवर्षी दुरुस्त करावा लागतो. व्हायवाला विचारलेला 'स्लोप फेल्युअर' मी त्या दिवशी पहिल्यांदा समोर बघितला.

स्टॅफिनहून ऊइगकडे जाणारा एक लहान रस्ता या डोंगरावरून जातो. एकाच गाडीपुरता. मधे मधे जरा फुगवटा, तिथे पाटी, 'पासिंग प्लेस'. समोरून गाडी आली की ज्याला जवळ पडेल त्यानं तिथे थांबायचं. फुगवटा आपल्या डाव्या हाताला असेल तर आत शिरायचं, उजव्या हाताला असेल तर आपल्याच बाजूला थांबून समोरच्याला त्यात जाऊ द्यायचं. मागचा घाईत असेल तर त्यालाही पुढे सोडायचं. आणि जाताना हात वर करायचा. तो हात बघून मला सारखं काहीतरी आठवत होतं, पण काय ते लक्षात येत नव्हतं.

वरच्या वळणांवर पोचलो आणि समोरून आली एक अवाढव्य कॅम्परव्हॅन. आत म्हातारं जोडपं. मी चढावर, ते उतारावर. तिथल्या हायवे कोडचा १५५ वा नियम सांगतो, अशा रस्त्यावर चढणाऱ्याला आधी रस्ता द्या. म्हणजे हक्क माझा. पण आजोबांचे हात स्टिअरिंगवर गोठलेले होते आणि त्यांच्या मागे आणखी दोन गाड्या. फुगवटा माझ्या मागे, साठ-सत्तर फुटांवर, वळणाच्या अलीकडे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कठडा नाही, नुसतं गवत आणि खाली स्टॅफिनची घरं काड्यापेटीएवढी. मी रिव्हर्स टाकला. पाय थरथरायला लागला. गाडी बंद पडली. परत चालू केली, परत बंद!

शेठ काही न बोलता खाली उतरला. मागे गेला. आणि गाडीच्या डिकीवर थाप मारून ओरडला,

"येऊ दे... येऊ दे... डावा मार थोडा... येऊ दे..."

झालं. एकदम सगळं आठवलं. मी पाच-सहा वर्षांचा, सुट्टीत बाबांच्या गाडीत बॉनेटवर बसलेला, खाली इंजिन गरम, डिझेलचा वास. घाटात ट्रक अडकलाय, कंडक्टर काका मागे उभे राहून पत्र्यावर थाप मारतायत, "येऊ दे." बाबांचा डावा हात गिअरवर, मान अर्धी मागे. गाडी मुंगीच्या पावलानं मागे जाते. समोरचा ट्रक निघून जातो, जाताना ड्रायव्हर हात वर करतो. बाबाही करतात. तोच हात मी सकाळपासून बघत होतो.

मी हँडब्रेक सोडला, अर्ध्या क्लचवर गाडी धरली, आरशात शेठकडे बघितलं आणि थाप पडेल तसा मागे गेलो. दोन मिनिटं लागली असतील. कॅम्परव्हॅन गेली. आजीबाईंनी दोन्ही हात जोडल्यासारखे केले.

शेठ आत बसला. म्हणाला, "बाबांची एसटी असती तर एका दमात घेतली असती."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. त्याच्यासमोर मी 'एसटी' हा शब्द कधी काढला नव्हता.

"फर्स्ट इयरच्या दिवाळीला मी मामाकडे चिपळूणला चाललो होतो," शेठ म्हणाला. "ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर होतो. बॅगेवर कॉलेजचं नाव होतं. पाटणच्या पुढे गाडी थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, कुठल्या हॉस्टेलला? मग तुझं नाव सांगितलं, म्हणाले माझा मुलगा. चहा पाजला, वडापाव घेतला. पैसे देऊ देईनात."

"मग तू बोलला का नाहीस कधी?"

शेठ खिडकीतून बाहेर बघत होता. "तेच म्हणाले. त्याला सांगू नकोस, त्याला आवडायचं नाही."

वाऱ्यानं गाडी हलत होती. मी कितीतरी वेळ ती सुरूच केली नाही. त्या फुगवट्यात गाडी उभी करून ठेवायची नसते, तोही तिथला नियमच आहे. शेवटी मागून कुणीतरी हलकेच हॉर्न दिला तेव्हा निघालो.

संध्याकाळी ऊइगहून पोर्ट्रीला परत आलो. बंदरावर रेंज होती. घरी फोन लावला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते, पण बाबांची दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, जागे होते. मला सांगायचं होतं वेगळंच, पण सांगत बसलो घाटाचं. एकेरी रस्ता, कॅम्परव्हॅन, रिव्हर्स. बाबांनी मधे मधे प्रश्न विचारले. कठडा होता का? रस्ता ओला होता का? तिथेही चढणाऱ्याला आधी सोडतात का? मी म्हणालो, "हो, पण मीच मागे घेतली."

"बरं केलंस. मोठ्या गाडीला मागे घेणं जड जातं."

मग मी म्हणालो, "बाबा, शेठ म्हणत होता तुम्ही त्याला वडापाव दिला होतात."

पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग म्हणाले, "हडकुळा होता फार. आता भरलाय का?"

"भरलाय."

"उतरताना कुठल्या गिअरला होतास?"

"दुसऱ्या."

"हं," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

तिसऱ्या दिवशी डनव्हेगनवरून नीस्ट पॉइंटला गेलो. बेटाचं पश्चिमेचं टोक, तिथे १९०९ चा दीपगृह आहे. उतरायला पायऱ्या भरपूर, वर चढताना शेठचा भात बाहेर आला. त्या वाटेवर एकेरी रस्ता मैलोगणती आहे. पंचवीस-तीस वेळा तरी थांबलो असेन, पण गाडी एकदाही बंद पडली नाही. मग परत पूल, आणि रात्री ग्लासगो.

गाडी परत देताना मीटर बघितला. तीन दिवसांत साडेपाचशे मैलांच्या वर, म्हणजे जवळजवळ नऊशे किलोमीटर. बाबांना मेसेज केला. सकाळी उत्तर आलं होतं, मराठीतच, त्यांच्या पद्धतीनं पूर्णविराम न देता,

'म्हणजे माझ्या साडेतीन ड्युट्या गाडी देताना टायर बघितलेस का'

२०२४ च्या मे महिन्यात बाबा निवृत्त झाले. शेवटच्या ड्युटीला मी आणि शेठ दोघंही कराडहून गाडीत बसलो. शेठनं तिकीट काढलं, माझं आणि त्याचं. बॉनेटवर आता बसू देत नाहीत, म्हणून ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसलो. घाटात एका वळणावर समोरून कंटेनर आला, आणि बाबांनी गाडी मागे घ्यायला मान वळवली. कंडक्टर खाली उतरायला निघाला होता. मी म्हणालो, "थांबा, मी जातो."