पहिला कोड आमचाच टाका

५ मे २०२५, सेलू
दुपारी एकला बारावीचा निकाल लागला. राज्याचा ९१.८८ टक्के. पोरं मला गुणांचे फोटो पाठवत होती, तोवर त्यांच्या मोबाईलवर कॉलेजांची अभिनंदनं सुरूही झाली होती. 'प्रिय गुणवंत विद्यार्थी...' फिजिक्समध्ये नापास झालेल्या पोट्ट्यालाही तोच मजकूर. तो हसत म्हणाला, "सर, बोर्डाले नाही समजली माही गुणवत्ता, पण कॉलेजवाल्यायले बरोबर समजली जी."

९ मे
केळझरकडच्या एका विद्यार्थिनीचे वडील टपालाने आलेलं जाड पाकीट न फोडताच घेऊन आले. सरकारी असेल म्हणून घाबरले होते. आत इंजिनिअरिंग कॉलेजची गुळगुळीत पुस्तिका. पहिल्या पानावर संस्थापक अध्यक्ष, दुसऱ्यावर त्यांचे चिरंजीव, प्रयोगशाळा पाचव्या पानावर. 'सर्वोच्च पॅकेज'खाली टाय लावलेला एकच मुलगा. त्याच्या वर्गातल्या बाकीच्यांचं काय झालं, याची ओळही नाही. सेलू, केळझर, बुटीबोरी असा बसचा मार्ग मात्र नकाशासकट.

मागच्या पानावर लाल अक्षरांत 'मुलींना १०० टक्के फी माफ'. वडील त्यावरच खूश. मी सांगितलं, ही माफी कॉलेजची नाही. जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे: ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुली, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी गेली. "म्हणजे हे लोक आपल्या खिशातून नाही देत?" नाही जी.

मंजूर जागा, शिक्षकांची यादी, शुल्क हे सगळं संकेतस्थळावर टाकणं एआयसीटीईने कॉलेजांना बंधनकारक केलं आहे. पोरीला मोबाईलवर ते पान उघडून दिलं आणि म्हटलं, तुझ्या शाखेचे शिक्षक मोज. फोटोतल्या बागेपेक्षा ती यादी जास्त बोलते.

१४ मे
स्टाफरूममध्ये दोन तरुण प्राध्यापक आले. पेढ्यांचा डबा, भिंतीवरचं घड्याळ, आणि हळूच मागणी: बारावी सायन्सच्या मुलांची यादी, नाव, पत्ता, पालकांचा मोबाईल. दोघेही एम.टेक. उन्हाळाभर गावोगाव फिरतात. प्रत्येकाला ॲडमिशनचं टार्गेट आहे, आणि ते नाही झालं तर पगार अडतो. वर्गात शिकवायला ठेवलेली माणसं ४४ अंशांच्या उन्हात दारोदार जागा विकताहेत. राग त्यांच्यावर काढावासा वाटेना. चहा पाजला, यादी दिली नाही. मग पाकिटवाल्यांना आमच्या पोरांचे पत्ते दिले कोणी? क्लासवाले, सायबर कॅफे, की आमच्यातलंच कोणी? स्टाफरूममध्ये हा विषय निघाला की सगळे पेपर तपासायला लागतात.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. आमची निम्मी पोरं सतराची. पण कायद्याचे नियमच अजून लागू व्हायचेत. अमेरिकेत तर एसएटी घेणारं कॉलेज बोर्ड मुलांची नावं कॉलेजांना रीतसर पैसे घेऊन पुरवत आलं. न्यूयॉर्क राज्याने आक्षेप घेतल्यावर २०२४ मध्ये साडेसात लाख डॉलर मोजून त्याला प्रकरण मिटवावं लागलं. तिथे निदान पावती तरी असते.

२२ मे
आईला दाखवायला सेवाग्रामला, कस्तुरबा रुग्णालयात. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, इथे मेडिकल कॉलेज काढलं. नीट येण्याआधी इथल्या प्रवेश परीक्षेत गांधीविचारांचाही पेपर असे. म्हणजे कॉलेजच मुलाला विचारत होतं, तू आम्हाला का हवास ते सांग.

आमच्या वेळी बाकी कॉलेजांचीही माहितीपुस्तिका डीडी पाठवून मागवावी लागे. १९८३ मध्ये वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं, पुढे जागा वाढत गेल्या आणि टपालाची दिशाच फिरली. माझा ठोकताळा साधा आहे: पाकीट जितकं जाड, तितक्या जागा रिकाम्या.

१६ जून
सीईटीचा निकाल. पुन्हा मेसेजांचा पाऊस. मृगाचा मात्र पत्ता नाही. 

२० जुलै
रविवार. ती मुलगी आणि वडील घरी आले. कॅप फेरीत भरायच्या कॉलेज-कोडांची, पसंतीच्या क्रमाने, कच्ची यादी करायची होती. पाकिटवाल्या कॉलेजने आता फोन करून सांगितलंय, 'पहिला कोड आमचाच टाका, जागा पक्की.' पक्की होईल हे खरंच आहे. यंदाच्या नियमाने पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर प्रवेश आपोआप गोठतो. तो घ्यायचा, नाहीतर पुढच्या फेऱ्या बंद. म्हणजे पंचाण्णव पर्सेंटाइलची पोर पहिल्या झटक्यात त्यांच्या जाळ्यात, आणि वरच्या कॉलेजांची दारं तिच्याच हाताने लावलेली. दुसऱ्या फेरीत पहिले तीन पर्याय असेच गोठतात, तिसऱ्यात सहा.

तिने पेन घेतलं आणि खरोखर हवी ती कॉलेजं आधी लिहिली. पाकिटवालं नवव्या क्रमांकावर गेलं. मी म्हटलं, काढूनच टाक. वडील म्हणाले, "राहू द्या सर, बिचाऱ्यानं एवढं पोस्टाचं तिकीट लावलं."