अकरा हजार प्लेटलेट्सना एक गुण

आजाराची तीव्रता सौम्य असल्याने रुग्णालयात दाखल करण्याची आवश्यकता दिसून येत नाही, सबब दावा नामंजूर. विमा कंपनीच्या पत्रातलं हे वाक्य मला अजून पाठ आहे. ते ज्या दिवसांबद्दल लिहिलं होतं, त्या दिवसांत माझ्या हिरड्यांतून रक्त येत होतं, मांड्यांवर बारीक जांभळे ठिपके उठले होते, पाळी थांबत नव्हती आणि प्लेटलेट्स ११ हजारांवर आल्या होत्या. निरोगी माणसाच्या दीड लाखांच्या वर असतात.

मला ल्युपस आहे. धाकट्याच्या बाळंतपणानंतर सांधे धरले, गालांवर लाली आली, केस मूठमूठ जायला लागले. गावातल्या डॉक्टरांनी संधिवात म्हणून औषधं दिली आणि शेवटी पुण्यात निदान झालं. या आजाराच्या बऱ्याच बायकांचं असंच होतं, त्यामुळे ते लांबवत नाही. प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते. आजार कधी महिनोन्‌महिने गप्प असतो, मग एकदम उसळतो. त्याला आम्ही सगळ्याजणी फ्लेअरच म्हणतो.

आजार किती सक्रिय आहे हे मोजायला डॉक्टरांकडे एक तक्ता असतो, स्लेडाई. टोरांटोच्या डॉक्टरांनी केलेला हा तक्ता १९९२ साली प्रसिद्ध झाला, २००२ मध्ये सुधारला गेला आणि आज जगभर वापरला जातो. त्यात २४ बाबी आहेत, एकूण गुण १०५. आजारामुळे फिट आली तर ८, सांधे सुजले तर ४, लघवीतून प्रथिनं जात असली तर ४, केस गळणं २, तोंडातले फोड २, ताप १. आणि प्लेटलेट्स एक लाखाच्या खाली गेल्या की १. मग त्या ९५ हजार असोत की ५ हजार, गुण एकच.

दाखल होण्याआधीच्या उन्हाळ्यात माझे गुण ८ होते. केस गळत होते, तोंड आलं होतं, रक्तातलं सी३ हे प्रथिन कमी होतं आणि डीएसडीएनएविरुद्धची प्रतिपिंडं वाढलेली होती. घरचं सगळं करत होते, शाळेत शिकवतही होते. पावसाळ्यात केस गळायचे थांबले, तोंड बरं झालं. रक्ताचे दोन दोष तसेच राहिले, म्हणजे ४. त्यात प्लेटलेट्सचा १. झाले ५. चालत्याफिरत्या बाईला ८ आणि पलंगावरून उठायचं नाही असं बजावलेल्या बाईला ५! त्यातही पाचपर्यंतचे गुण 'सौम्य' धरायची पद्धत आहे.

वॉर्डातले दिवस मी विसरणार नाही. दात घासायला बंदी, कापसाने पुसायचे. रात्री डोकं जरा दुखलं तरी सिस्टर धावत यायच्या, कारण मेंदूत रक्तस्रावाची भीती होती. प्लेटलेट्स कमी म्हणजे डेंग्यूच, असं धरून भेटायला येणारे पपईच्या पानांचा रस आणत. दीर तर प्लेटलेट्स द्यायला चार मित्र घेऊन आला. डॉक्टरांनी त्याला समजावलं, हिचं शरीर स्वतःच्या प्लेटलेट्स मारतंय, तुमच्याही मारेल. शिरेतून स्टेरॉइडचे मोठे डोस दिले, आयव्हीआयजी या महागड्या औषधाच्या बाटल्या चढवल्या. त्या बाटल्यांचं बिल पाहून ह्यांनी बहिणीकडून पैसे उसने आणले, कारण कॅशलेस आधीच नाकारलं होतं.

घरी सोडताना कुणा शिकाऊ डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावर लिहिलं: स्लेडाई ५, सौम्य. बेरीज बरोबर होती. विमा कंपनीने अख्ख्या कार्डातून तेवढीच ओळ उचलली. त्याच कागदावर चार ओळी वर ११ हजार हा आकडा होता, हिरड्यांतून रक्त येत असल्याची नोंद होती. ते कुणाला वाचावंसं वाटलं नाही? फोनवरचा मुलगा मला म्हणाला, "मॅडम, स्कोअर तुमच्याच हॉस्पिटलने दिलाय." त्याचं ते बोलणं मला बिलापेक्षा जास्त लागलं.

माझ्या संधिवाततज्ज्ञांनी मग सविस्तर पत्र दिलं. फ्लेअर सौम्य की तीव्र हे ठरवायची सेलेना नावाची वेगळी पद्धत आहे. प्लेटलेट्स ६० हजारांच्या खाली गेल्या आणि त्यासाठी स्टेरॉइड दुप्पट करावं लागलं, तर ती फ्लेअर तीव्र मानते. ल्युपससाठी दवाखान्यात दाखल करावं लागलं, तरीही तीव्रच. म्हणजे एकीकडे मी सौम्य आणि दुसरीकडे दोन्ही कारणांनी तीव्र. हे पत्र जोडून कंपनीकडे तक्रार केली, मग विमा लोकपालांकडे गेलो. पैसे मिळाले, काही कापून. अशा वेळी थकून गप्प बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. त्यांनी नाकारलं किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर लोकपालांकडे जाता येतं, आणि तिथे वकील लागत नाही.

तेव्हा हा तक्ता जाळून टाकावा असं वाटायचं. आज तसं म्हणवत नाही. पुढच्या वर्षी मी अगदी ठणठणीत होते, भाच्याच्या लग्नात तीन दिवस राबले होते. नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांनी तक्त्यातलं एकेक विचारत लघवी तपासायला लावली. प्रथिनं जात होती. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमवली, मग किडनीची बायोप्सी झाली, औषध बदललं. किडनी दुखत नाही. तक्त्यात ती ओळ नसती, तर मला कळलं असतं ते पाय सुजल्यावर.

पण थकवा? अंगात हात उचलायचंही त्राण नसतं, त्याला या तक्त्यात शून्य. डॉक्टर म्हणतात, थकवा थायरॉइडनेही येतो, रक्त कमी असल्यानेही येतो, झोप न झाल्यानेही येतो, त्याचं माप कसं घेणार? त्यांचं म्हणणं कळतं, पटत नाही. मोजता येत नाही म्हणून नोंदवायचंही नाही, हे चुकीचंच आहे.

ल्युपसच्या बायांनो, चट्टा उठला, तोंडात फोड आला की लगेच फोटो काढून तारीख लिहून ठेवा. भेटीच्या दिवसापर्यंत ते मावळतं आणि मग तुमचा शब्द तेवढा उरतो. काही होत नसलं तरी लघवीची तपासणी चुकवू नका. आणि डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे: स्कोअर जरूर लिहा, पण त्याच्या शेजारी या बाईच्या जिवाला धोका होता की नव्हता, हे एका वाक्यात लिहा आणि खाली सही करा.