दादी, समुद्र आणि मगरिबची वेळ

नाशिककरांसाठी पाणी म्हणजे गोदावरी. पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढला की जुन्या नाशकात घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागले? गुडघा, कंबर, छाती. पुराचे आमचे मोजमाप एवढेच. ही नदी मोठी नवलाची आहे. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर ती उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. पण त्याच्याकडे पाठ फिरवून ती पूर्वेला वळते आणि १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. आमच्या घरानेही बरीच वर्षे असेच केले. समुद्र एका दिवसाच्या वाटेवर आणि आमची पाठ त्याच्याकडे.

त्याला कारण होते. दादींचा धाकटा मुलगा, म्हणजे आमच्या मुलांचा चाचा, सतरा वर्षांचा असताना मित्रांबरोबर एका बंधाऱ्यावर गेला आणि परत आला नाही. त्याला पोहता येत नव्हते. या गोष्टीला बावीस वर्षे झाली. बुडून गेलेल्याला शहीदाचा दर्जा मिळतो हे आलिमांनी सांगितले तेव्हा दादींना आधार मिळाला, पण भीती काही गेली नाही. तेव्हापासून घरात एक न बोललेला नियम झाला : पाण्याजवळ जायचे नाही. शाळेची सहल धरणावर जाणार असेल तर मुले घरी. सोमेश्वरच्या धबधब्याला गेलो तरी लांबूनच बघायचे. मुले मोठी झाली, पण घोट्याच्या वर पाण्यात कुणीच गेले नाही.

गेल्या वर्षी एका रात्री जेवताना आमच्या नववीतल्या मुलीने विचारले, "दादी, चाचांना पोहता येत असतं तर?"

दस्तरखानावर सगळे गप्प झाले. आम्ही तिला डोळ्यांनी दटावले. दादी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फजरनंतर चहा घेताना म्हणाल्या, "पोरीला समुद्र बघायचाय ना? न्या तिला. पण मी पण येणार."

असे आमचे मालवण ठरले. मुलीने पुस्तकात वाचले होते की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहे, आणि काचेचा मुखवटा व श्वासाची नळी लावून, ज्याला स्नॉर्केलिंग म्हणतात, ते पोहता न येणाऱ्यालाही बघता येते. ओळखीतून एका होडीवाल्या काकांचा नंबर मिळाला. त्यांची होडी लहान, आठच माणसे घेणारी. डिसेंबरच्या सुट्टीत येतो म्हटल्यावर त्यांनी पैशांचे बोलण्याआधी तिथी काढली. म्हणाले, "अष्टमीच्या सुमारास या. पाणी शांत असतं."

दादींनी भिंतीवरचे कॅलेंडर बघितले आणि म्हणाल्या, "म्हणजे रजबची आठवी."

तेव्हा आमच्या लक्षात आले की समुद्र आपल्याच चांदाच्या तारखेने चालतो. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाणाची भरती येते. चांदाच्या सातवी-आठवीला आणि बावीस-तेविसाव्याला ते काटकोनात असतात. एकाची ओढ दुसरा कमी करतो आणि भरती-ओहोटीतला फरक लहान राहतो. याला भांगाची भरती म्हणतात. अशा दिवशी पाण्याची ओढ कमी, तळाची वाळू कमी ढवळते आणि पाणी नितळ दिसते. ज्या घरात चांदाची तारीख पाठ असते, त्या घराला समुद्राचे अर्धे वेळापत्रक पाठ असते.

आम्ही सातजण भाड्याच्या गाडीने निघालो. पुणे, कोल्हापूर, राधानगरी, मग फोंडा घाट उतरून कणकवली आणि कसालवरून मालवण. पहाटे निघालो ते रात्रीच पोहोचलो. वाटेत जोहर आणि असरची नमाज कसर केली. मालवणात जेवणाची चिंता नव्हती. मासे हलालच. बांगडा, सुरमई, भाकरी आणि सोलकढी. नाशिकच्या तिखट रश्श्यावर वाढलेला आमचा धाकटा सोलकढीचे तीन पेले प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दांडीच्या किनाऱ्यावर गेलो. स्नॉर्केलिंग सकाळीच करावे, असे काकांचे म्हणणे. भूगोलात मुले शिकतात तेच कारण : दुपारनंतर जमीन तापते, समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि पाण्यावर लाटा उठतात. समोर पाण्यात किल्ला उभा होता. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे नावाच्या बेटावर त्याचे काम सुरू केले, तीन वर्षांत तो उभा राहिला. चहूबाजूंनी खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. महाराजांच्या आरमारात दौलतखान नावाचे सरदार होते हे आम्ही मुलांना सांगितले, तेव्हा धाकट्याने लगेच विचारले, "त्यांना पोहता येत असेल ना?"

दादी होडीत बसल्या नाहीत. किनाऱ्यावर माडाच्या सावलीत खुर्ची टाकून, हातात तसबीह घेऊन बसल्या. "तुम्ही जा. मी इथून बघते." होडी निघाली तेव्हा त्यांनी हात हलवला नाही. नुसत्या बघत राहिल्या.

किल्ल्याच्या जवळ, तळ दिसेल अशा पाण्यात नांगर टाकला. मुलीने आणि तिच्या अम्मीने पूर्ण बाह्यांचे, डोके झाकणारे पोहण्याचे कपडे नाशिकहूनच आणले होते. त्यावर लाइफ जॅकेट. आता प्रश्न हात धरण्याचा. पाण्यात माहीतगार मुलगा सोबत असतो आणि तो पर्यटकांचा हात धरून फिरवतो. आम्ही संकोचत काकांना सांगितले. त्यांना त्यात काही विशेष वाटले नाही. म्हणाले, "ताईंनी रिंग धरायची, तो रिंगेची दोरी धरेल." विचारले नसते तर पोरीला होडीतूनच परत आणले असते. हे इथे मुद्दाम लिहितो, कारण अनेक घरांतल्या मुली याच एका न विचारलेल्या प्रश्नापायी काठावर बसून राहतात.

दुसरी अडचण मुखवट्याची. त्याची रबरी कड थेट कातडीला चिकटली पाहिजे. टोपीची कड किंवा केसाची एक बटही मध्ये आली तरी पाणी आत शिरते. म्हणून टोपी कपाळावर थोडी मागे घेऊन कड तिच्याखाली बसवायची. पुरुषांना हाच त्रास मिशीचा होतो. दाट मिशीवाल्यांना तिथे व्हॅसलीन लावतात. आमच्या घरात मिश्या बारीक, त्यामुळे तो खर्च वाचला. आतून काचेवर वाफ धरू नये म्हणून थुंकी चोळून काच खळाळून घ्यायची. मुलांना या कृतीचा फार आनंद झाला. श्वास फक्त तोंडाने, नळीतून, सावकाश.

पहिल्या वेळी मुलीने तोंड पाण्यात घातले आणि लगेच वर काढले. खारे पाणी नाकातोंडात गेले होते. डोळ्यांत भीती होती, आणि ती भीती आमच्या ओळखीची होती. आमच्या घरात ती बावीस वर्षे राहत होती. दोरीवाला मुलगा घाई न करता म्हणाला, "घाबरू नको. जॅकेट घातलं की माणूस बुडत नाही. आधी नुसतं तरंग." ती तरंगली. दहा श्वास मोजले. मग तोंड पाण्यात घातले, ते बराच वेळ वर आलेच नाही. नळीतून फक्त एक 'ऊं' असा आवाज आला.

नंतर आम्हीही बघितले. खडकावर गोल, मेंदूसारख्या वळ्यावळ्यांचे प्रवाळ. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे घोळक्याने चेहऱ्यासमोरून जातात आणि हात पुढे केला की एकदम वळतात. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, असंख्य लहान जीवांची ती वस्ती आहे, हे मुलीने आम्हाला सांगितले. त्यावर पाय ठेवला की बरीच वर्षे लागून वाढलेले क्षणात मोडते. १९८७ साली मालवणचा हा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिथून शंख-प्रवाळ उचलून आणू नये, माशांना पाव-बिस्किटे टाकू नयेत. वर आल्यावर मुलीने पहिला प्रश्न विचारला, "दादी दिसतायत का?" दिसत होत्या. खुर्ची सोडून पाण्याच्या रेषेपर्यंत येऊन उभ्या होत्या.

दुपारी मुलीने दादींना सगळे सांगितले. मासे कसे, श्वास कसा, आधी भीती कशी वाटली आणि मग कशी गेली. दादी ऐकत होत्या. असर झाली आणि त्या स्वतःच म्हणाल्या, "संध्याकाळी परत जाणार आहात ना होडीत? मला कुठे बसायचं ते सांगा."

संध्याकाळी पाचच्या सुमारास निघालो. दादी मध्यभागी, जॅकेट घालून, एका हातात नातीचा हात आणि दुसऱ्यात तसबीह. सफरची दुआ त्यांनी मोठ्याने म्हटली. किल्ल्याला वळसा घालून थोडे बाहेर गेल्यावर काकांनी इंजिन बंद केले आणि लहानसे शीड उभारले. वायव्येचा वारा होता. इंजिनाचा आवाज थांबल्यावर फक्त पाण्याचा चुबुक-चुबुक आवाज राहिला. माथ्यावर आठवीचा अर्धा चांद, समोर उतरत चाललेला सूर्य.

दादी बोलायला लागल्या. समुद्र त्यांनी त्याआधी एकदाच पाहिला होता. त्यांचे अब्बा-अम्मी हजला निघाले तेव्हा पोहोचवायला त्या मुंबईच्या गोदीवर गेल्या होत्या. तेव्हा हाजी जहाजाने जात. मुंबईहून जिद्दाला जाणारी ही जहाजे १९९५ पर्यंत चालली. "जहाज लहान लहान होत गेलं," दादी म्हणाल्या. "माझी अम्मी चुलीपुढून कधी उठली नाही, ती एवढा समुद्र ओलांडून गेली. आणि मी बंधाऱ्याच्या पाण्याला भिऊन बसले."

सूर्य पाण्याला टेकायच्या आधीच आम्ही काकांना परतायला सांगितले. सूर्यास्ताच्या सफरीत बाकीच्या होड्या सूर्य बुडाल्यावरही रेंगाळतात. आपल्याला सूर्य बुडतो तेव्हाच मगरिबची वेळ सुरू होते, आणि तिला फार उशीर करायचा नसतो. हे निघतानाच सांगितले होते, त्यामुळे घाईगडबड झाली नाही. शिडात वारा भरून होडी किनाऱ्याकडे निघाली आणि सूर्य आम्ही मागे वळून बघितला. सव्वासहाच्या सुमारास तो गेला. थोड्याच वेळात आम्ही वाळूवर उतरलो.

वजूसाठी आणलेल्या पाण्याच्या बाटल्या मुलांनी अंगावरचे मीठ धुण्यात संपवल्या होत्या. आम्ही एकमेकांकडे बघू लागलो. तोवर दादी चप्पल काढून पाण्याच्या दिशेने निघाल्या होत्या. समुद्राचे पाणी पाक आहे, त्याने वजू होते, ही हदीस त्यांना ठाऊक होती. लाट आली, घोट्यावर चढली. दादी किंचित डगमगल्या, मग वाकल्या आणि ओंजळ भरली. बावीस वर्षांत त्यांनी वाहत्या पाण्याला हात लावल्याचे आम्ही पाहिले नव्हते. हात, तोंड, कोपर, पाय, सगळे सावकाश केले. मुलगी शेजारी उभी राहून वजू करू लागली.

वाळूवर चटई अंथरली. मालवणहून किब्ला पश्चिमेला, थोडा उत्तरेकडे येतो. डिसेंबरात सूर्य नैऋत्येकडे मावळतो, म्हणून आकाशातली लाली आमच्या डाव्या हाताला होती आणि समोर फक्त पाणी. मध्ये एकही भिंत नाही, गाव नाही. पार पलीकडे ओमानचा किनारा आणि त्याच्याही पुढे मक्का. नमाज झाल्यावर दादींनी दुआसाठी उचललेले हात बराच वेळ खाली आले नाहीत. कुणासाठी, ते कुणी विचारले नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडे. पावसाळ्यात हे सगळे बंद असते, ऑक्टोबर ते मे हा हंगाम. होडीला परवाना आहे का, माणसांची मर्यादा किती आणि प्रत्येकासाठी जॅकेट आहे का, हे पैसे ठरवण्याआधी बघा. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. जॅकेट होडीत ठेवायचे नसते, अंगात घालायचे असते, लहान मुलाने रडून दाखवले तरीही. महिलांच्या सोयीचे, नमाजच्या वेळेचे फोनवरच बोलून घ्या. समोरचा माणूस बहुधा समजून घेतो.

नाशिकला परतल्यावर आठवडाभराने दादींनी विचारले, "आपल्याकडे पोहायच्या तलावात बायकांची वेगळी वेळ असते म्हणतात. खरं का?" आम्ही चौकशी करून आलो. खरे होते. आता मुलगी आणि तिची अम्मी आठवड्यातून तीन दिवस जातात, धाकटा मुलांच्या वेळेत जातो. दादी सोबत जातात, बाकावर बसतात, तसबीह हातात असते. पण आता त्यांचे लक्ष मण्यांवर कमी आणि नातीच्या पायांवर जास्त. परवा तिथून ओरडल्या, "पाय मार! अजून जोरात मार!"