कोमो सरोवराकांठीं दोन दिवस

महाभारतांतील यक्षप्रश्नांत ‘सुखी कोण?’ असा एक प्रश्न आहे. ज्याच्या डोक्यावर ऋण नाहीं, ज्याला घर सोडून परमुलुखांत जावें लागत नाहीं आणि जो आपल्या घरीं साधी भाजी शिजवून खातो, तो सुखी, असा धर्मराजाच्या उत्तराचा आशय आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. गेल्या जून महिन्यांत चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां इटलींतील मिलान शहरीं राहण्यास गेलों, तेव्हां यांतील एक अट मोडली हें उघडच होतें. निदान पहिली व तिसरी तरी पाळावी असा आम्हीं निश्चय केला. त्या निश्चयाची कसोटी कोमो सरोवराच्या प्रवासांत लागली. मूळ संस्कृत प्रश्नाचीं पहिलीं दोन अक्षरेंही ‘को मो’ हींच आहेत, हा योगायोग मोठा मौजेचा!

चिरंजीव व सूनबाई दोघेंही तेथें नोकरी करतात, भाड्याच्या घरांत राहतात आणि स्वतःच्या घरासाठीं पैसा सांठवितात. ‘आईबाबा पुनः कधीं येणार?’ या भावनेनें चिरंजीवांनीं भाड्याची मोटार आणि सरोवराकांठच्या एका मोठ्या हॉटेलांतील दोन खोल्या ठरविण्याचें मनांत आणलें होतें. आकडा ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, "अरे, आम्हांला तळें दाखव, खोली काय दाखवायची?" चिरंजीव हिरमुसले. आईबापांसाठीं खर्च करण्यांत मुलाला जो आनंद असतो तो सगळाच हिरावून घेणेंही बरें नव्हे. शेवटीं तोड निघाली ती अशी : जाणें रेल्वेनें, रात्रीचा मुक्काम सरोवराच्या नांवाजलेल्या गांवांत न करतां लेक्को शहरीं, शिदोरी घरची, खर्च आमच्या निवृत्तिवेतनांतून, मात्र बोटीचीं तिकिटें चिरंजीवांनीं काढावीं.

शनिवारीं पहांटे उठून सौ. व सूनबाई यांनीं दशम्या केल्या, सोबत लिंबाचें लोणचें घेतलें आणि मिलानच्या भव्य सेंट्रल स्टेशनावर आम्ही पांचजण तिरानोकडे जाणाऱ्या गाडींत बसलों. या प्रादेशिक गाड्यांचें भाडें अंतरावर ठरलेलें असतें. महिनाभर आधीं काढा कीं गाडी सुटण्यापूर्वीं काढा, तिकिटाची किंमत तीच. सरोवराकांठच्या वारेन्ना गांवापर्यंत ती माणशीं दहा युरोंच्या आंत पडते व प्रवास सुमारें एका तासाचा. जागा राखून ठेवण्याची पद्धत नाहीं, म्हणून उन्हाळ्याच्या सुटींत सकाळची लवकरची गाडी धरावी आणि जातांना डाव्या बाजूस बसावें. लेक्को जवळ येतांच अद्दा नदी लागते, आणि करवतीच्या दांत्यांसारख्या शिखरांचा रेसेगोने पर्वत समोर उभा राहतो. त्याचें नांवही करवतीवरूनच पडलेलें आहे. पुढें बोगद्यांमागून बोगदे लागतात व दोन बोगद्यांमध्यें सरोवराचें निळें पाणी क्षणभर चमकून जातें.

लेक्कोपासून सोंद्रिओपर्यंतचा हा लोहमार्ग १९०२ सालीं विजेवर चालूं लागला. काल्मान कांदो या हंगेरियन अभियंत्याच्या योजनेनें, अद्दा नदीच्या पाण्यापासून काढलेल्या विजेवर, येथें गाड्या धांवूं लागल्या. उच्च दाबाच्या विजेवर चालणाऱ्या जगांतील अगदीं आरंभींच्या मुख्य मार्गांपैकीं हा एक. आपल्याकडे बोरीबंदर ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं निघाली. शिवाय ज्याच्या नांवानें विजेचा दाब ‘व्होल्ट’मध्यें मोजतात, तो अलेस्सांद्रो व्होल्टा याच सरोवराकांठच्या कोमो शहरीं १७४५ सालीं जन्मला. आयुष्यभर फळ्यावर हा शब्द लिहिणाऱ्या मास्तराला त्या खिडकींत बसून किती धन्यता वाटली असेल, तें वाचकांनींच ताडावें.

सरोवराचा आकार पाय फांकून उभ्या राहिलेल्या माणसासारखा आहे. डोकें उत्तरेस, एक पाऊल कोमोस व दुसरें लेक्कोस. प्राचीन हिमनद्यांनीं कोरलेलें हें खोरें सुमारें १४६ चौरस किलोमीटर पसरलेलें असून त्याची खोली ४०० मीटरांहून अधिक आहे. पाण्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सुमारें २०० मीटरच उंच. म्हणजे सरोवराचा तळ समुद्रसपाटीच्याही पुष्कळ खालीं गेला! आपल्या कोंकणांत जसे खारे वारे व मतलई वारे, तसे येथेंही दोन वारे पाळीपाळीनें वाहतात. पहांटे उत्तरेकडून येतो तो ‘तिवानो’, आणि दुपारीं दक्षिणेकडून सुटतो तो ‘ब्रेवा’. या ब्रेवामुळें जूनच्या उन्हांतही कांठावर बसवतें.

वारेन्ना येथें स्टेशनापासून उताराचा रस्ता थेट पाण्याशीं येतो. तेथून खडकाच्या कडेनें, लोखंडी कठड्याची एक पाऊलवाट पाण्याच्या अगदीं वरून गांवांत जाते. तिला तिकीट नाहीं, फाटक नाहीं. ती वाट संपवून आम्ही पाण्यांत उतरणाऱ्या पायऱ्यांवर बसलों व शिदोरी सोडली. आमच्या सौ.नीं पाय पाण्यांत सोडले आणि तासभर त्या कांहीं बोलल्या नाहींत. चाळीस वर्षांच्या संसारांत, भरल्या घरांत, त्यांना अशा स्वस्थ बसलेल्या आम्हीं फारशा पाहिल्या नव्हत्या. चिरंजीव आईकडे पाहत होते, आणि हॉटेलाचा विषय त्यांनीं पुनः काढला नाहीं.

या गावांतील व्हिला मोनास्तेरो ही वास्तु पूर्वीं जोगिणींचा मठ होती. तेथें १९५३ सालापासून पदार्थविज्ञानाचें उन्हाळी विद्यालय भरतें. अणुशास्त्रज्ञ एन्रिको फेर्मी यांनीं १९५४ सालच्या उन्हाळ्यांत येथें व्याख्यानें दिलीं, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ते निवर्तले. विद्यालयाला आतां त्यांचेंच नांव आहे. बागेचें तिकीट काढून आम्ही तेथें थोडा वेळ फिरलों. रात्रीं लेक्कोस स्वयंपाकाची सोय असलेल्या दोन खोल्यांत सूनबाईंनीं मुगाची खिचडी टाकली. धर्मराजाची भाजीची अटही अशा रीतीनें थोडीबहुत पाळली गेली.

रविवारीं गाडीनें पुनः वारेन्नास येऊन, चिरंजीवांनीं काढलेल्या तिकिटांवर, आम्ही सरकारी बोटीनें बेलाज्योस गेलों. सरोवराचे तीनही फांटे जेथें मिळतात तें हें टोंक. सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वीं धाकटा प्लिनी या रोमन लेखकाचे या सरोवरावर दोन आवडते वाडे होते. उंच खडकावरच्या वाड्याला तो ‘शोकांतिका’ म्हणे आणि पाण्यालगतच्या वाड्याला ‘सुखांतिका’. कारण शोकनाट्यांतील नट उंच टांचांचे जोडे घालीत व सुखनाट्यांतील नट सपाट. आज ते वाडे उरले नाहींत. पण त्यांच्या खिडक्यांतून जें दिसत असे, तें बोटीच्या फळीवर बसून आमच्या नातीनें पाहिलें.

परत वारेन्नास येऊन आम्ही जवळच्या फ्युमेलात्ते गांवीं चालत गेलों. डोंगरांतून फुटून सुमारें २५० मीटरच वाहणारी व लगेच सरोवरास मिळणारी ही चिमुकली नदी वसंतापासून शरदापर्यंतच वाहते. फेंसामुळें पांढरी शुभ्र दिसते, म्हणून तिचें नांव ‘दुधाची नदी’. "आजोबा, खरेंच का हें दूध आहे?" असें नातीनें विचारतांच आम्हीं तिला सांगितलें कीं, संस्कृतांत ‘पयस्’ म्हणजे दूध आणि ‘पयस्’ म्हणजे पाणीही. तिनें ओंजळभर पाणी उचलून आजीच्या हातांवर सोडलें.

सरोवराच्या कांठचे पुष्कळ वाडे व बागा श्रीमंतांच्या आहेत, आणि त्यांची कीर्ति ऐकून सामान्य कुटुंबें ‘हें आपलें काम नव्हे’ म्हणून मागें फिरतात किंवा ऐपतीबाहेर खर्च करून येतात. दोहोंचीही गरज नाहीं. ‘तीर्थ’ या शब्दाचा मूळ अर्थच पाण्यांत उतरण्याची वाट असा आहे. ती वाट, नित्याची आगगाडी आणि लोकांची बोट एवढें ज्या देशानें सर्वांसाठीं राखलें, त्या देशांत परक्या पाहुण्यालाही सरोवराचें दर्शन पंक्तिभेदावांचून घडतें. ज्यांचीं मुलेंबाळें तिकडे असतील, त्या वडीलधाऱ्यांनीं त्यांना मोटार व हॉटेल यांच्या भरीस न पाडतां एका शनिवारीं दशम्या बांधून डाव्या खिडकीशीं जाऊन बसावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.