बोटीवरचीं मुलें

मराठी भाषेनें कांहीं दुखण्यांचा दोष मोठ्या चतुराईनें दुसऱ्यावर टाकलेला आहे. ऊन लागतें, दृष्ट लागते आणि त्याच न्यायानें बोटही लागते. ज्याच्या पोटांत ढवळतें तो बिचारा निर्दोष. सारा अपराध बोटीचा! मुंबईहून कोंकणांत आगबोटी चालत होत्या त्या काळीं भाऊच्या धक्क्यावर येणाऱ्या कुटुंबाच्या वळकटीबरोबर लिंबें, सुंठ आणि आवळकाठी यांची पुरचुंडी असावयाचीच, आणि डेकवर सतरंजी पसरून झाली कीं वडील माणसें पोरांना बजावीत, “डोळे मिटून पडा आणि बोलूं नका.” त्या आगबोटी गेल्या, माणसांना कांठावर नेणारे पडाव गेले; बोट लागण्याचें भय मात्र मागें राहिलें. दिवाळीच्या सुटींत मुलगी, जांवई व दोन नातू यांच्यासह मुंबईहून लक्षद्वीपाला जाणाऱ्या सहलीच्या बोटीनें जावयाचें ठरलें, तेव्हां आमच्या घरांत आठ दिवस याच एका विषयाचें अध्ययन चाललें होतें. थोरला नातू आठ वर्षांचा, धाकटा चार वर्षांचा. आणि दोन ते बारा हींच तर मुलांना बोट लागण्याचीं खरीं वर्षें. मांडीवरचें तान्हें मूल या दुखण्यांतून बहुधा सुटतें, असें डॉक्टर सांगतात.

या दुखण्याचें मूळ पोटांत नाहीं, कानांत आहे. कानाच्या आंतल्या भागांत तीन अर्धवर्तुळाकृति नलिका असतात. डोकें हललें कीं त्यांतील द्रव हलतो आणि आपण हलत आहों अशी वार्ता मेंदूला पोंचते. खोलींत बसलेल्या मुलाचे डोळे मात्र सांगत असतात कीं भिंत जागच्या जागीं आहे, पलंग जागच्या जागीं आहे. दोन साक्षीदारांच्या या विसंगत जबान्यांनीं मेंदू गोंधळतो, आणि शिक्षा होते ती तिसऱ्याच निरपराध पोटाला. तेव्हां डोळ्यांची साक्ष कानाशीं जुळवून द्यावी, हा खरा उपाय. मुलाला मोकळ्या हवेंत आणावें व दूर क्षितिजाकडे पाहावयास लावावें. डोळे मिटून पडावें या जुन्या आज्ञेंतही हेंच शहाणपण होतें; खोटें बोलणारा साक्षीदारच तींत गप्प केला जात असे. हल्लींच्या मुलांच्या हातीं असलेला मोबाईल याच्या नेमकें उलट काम करतो, कारण तो नजर एका वीतभर चौकटींत खिळवून ठेवतो. खोली घ्यावयाची तर बोटीच्या मध्यभागीं व खालच्या मजल्यावर घ्यावी. तेथें हेलकावा कमी. मुलाचें पोट रिकामें ठेवूं नये आणि तुडुंबही भरूं नये. औषध द्यावयाचें तर तें मुलांच्या डॉक्टरांना विचारून आणि बोट हलूं लागण्यापूर्वीं द्यावें. प्रोमेथाझीनसारखें झोंप आणणारें औषध दोन वर्षांखालील मुलाला कदापि देऊं नये.

इतकी तयारी केली, आणि बॅलार्ड पिअरवरून बोट निघाली तेव्हां समुद्र परातींतल्या पाण्यासारखा निवांत होता. पावसाळा संपून गेलेला, शिवाय असल्या मोठ्या बोटींना पाण्याखालीं पंखांसारखे स्थिरक असतात. ते बरेचसे हेलकावे गिळून टाकतात. सुंठीची पुरचुंडी उघडण्याचा प्रसंगच आला नाहीं. आम्ही ज्या शत्रूसाठीं आठ दिवस तटबंदी केली तो आलाच नाहीं. आला तो दुसराच, आणि तो समुद्रांतून नव्हे, जमिनीवरून उतारूंच्या पोटांत बसून, तिकिटावांचून आलेला.

त्याचें नांव नोरोव्हायरस. अमेरिकेंत ओहायो प्रांतांत नॉरवॉक नांवाचें गांव आहे. तेथील एका प्राथमिक शाळेंत १९६८ सालीं उलट्या व जुलाब यांची सांथ आली, आणि त्या सांथींतील नमुन्यांतून पुढें १९७२ सालीं डॉ. आल्बर्ट कापिकियन यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं हा विषाणु ओळखला. म्हणजे याचा जन्मदाखलाच मुळीं मुलांच्या शाळेंतला! आजारी माणसाच्या एका ओकारींत याचे असंख्य कण असतात आणि निरोगी माणसाला पाडण्यास त्यांतले शंभराहूनही कमी पुरे होतात. दाराची मूठ, जिन्याचा कठडा, खेळण्याचा ठोकळा, वाढण्याचा डाव, यांवर तो दबा धरून बसतो. पोटांत गेल्यापासून बारा ते अठ्ठेचाळीस तासांत आपला प्रताप दाखवितो. उलट्या थांबून मूल हसूं-खेळूं लागलें तरी पुढें कांहीं दिवस तें इतरांना हा प्रसाद वाटीतच असतें. सर्वांत खेदाची गोष्ट अशी कीं, बोटीवर पावलोपावलीं ठेवलेल्या सॅनिटायझरच्या नळ्यांना तो फारशी भीक घालीत नाहीं. त्याला साबण व वाहतें पाणीच लागतें. चकचकीत नळीखालीं तळहात धरून, बोटें एकमेकांवर फिरवून, आपण शुद्ध झालों अशा समाधानानें थेट जेवणाच्या टेबलाकडे वळणारे कित्येक सुशिक्षित उतारू आम्हीं या सफरींत पाहिले.

येथें बोटींची बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेंत नोंद झालेल्या या विषाणूच्या सांथींपैकीं बोटींवरच्या अवघ्या एक टक्का असतात. तरी बदनामी बोटींची, कारण बोटींवर मोजदाद होते. १९७५ पासून तेथील सरकारी आरोग्यखात्याची बोटींच्या स्वच्छतेवर देखरेख आहे, आणि तिच्या कक्षेंतील एखाद्या सफरींत तीन टक्के उतारू किंवा तीन टक्के खलाशी पोटानें आजारी पडले कीं ती गोष्ट जाहीर केली जाते. आमच्याकडील लग्नसमारंभांत दुसऱ्या दिवशीं किती वऱ्हाडी अंथरुणाला खिळले, हें कोण मोजतें? “जागरण बाधलें” म्हणून प्रकरण मिटतें.

लग्नावरून पंगत आठवली, आणि पंगतीवरून आमच्या आजीचें सोंवळें. त्या आचारांत एक मोठा अन्याय होता, तो झांकण्याचें कारण नाहीं: हात धुतलेला आहे कीं नाहीं याच्या आधीं तो हात कोणाचा आहे, हें तेथें विचारलें जाई. विषाणूला जात कळत नाहीं, आणि त्या वेडानें या देशांत जितकीं मनें दुखावलीं तितके रोग खास टळले नसतील. परंतु त्याच घरांत उष्ट्या-खरकट्याचा एक निराळा नियम होता. वाढणारा वाढीत असे आणि जेवणारा जेवीत असे. जेवणाऱ्याचा उष्टा हात वाढण्याच्या पळीला लागत नसे. बोटीवरच्या बुफे-जेवणांत हा नियम नेमका मोडला आहे. एकच डाव, आणि त्याला पांचशें हात! आमच्या डोळ्यांदेखत एका गोंडस मुलीनें बोट चाटून त्याच बोटांनीं शिऱ्याचा डाव उचलला, आणि तिच्या मागें उभ्या असलेल्या आजोबांनीं तो कौतुकानें तिच्या हातून घेतला. तेव्हांपासून आमच्या सौभाग्यवतींनीं आज्ञाच काढली कीं मुलांनीं टेबलाजवळून उठावयाचें नाहीं. ताट एका मोठ्या माणसानें भरून आणावयाचें, आणि आणणाऱ्यानें खाण्यापूर्वीं पुन्हां हात धुवावयाचे. जांवईबापूंना हा अतिरेक वाटला. आम्हांला तो वाटला नाहीं.

हात धुण्यालाही वेळेचें माप आहे: निदान वीस सेकंद. आठ वर्षांच्या मुलाला हें सांगून पाहावें. तो तीन सेकंदांत वीस म्हणून मोकळा होतो. यावर आम्हीं एक युक्ति काढली. बेचा पाढा ओळीला दोन सेकंद देऊन संथ म्हणावयाचा. बे दाहे वीस येईपर्यंत वीस सेकंद आपोआप भरतात. नातू इंग्रजी शाळेंतला असल्यामुळें त्याला ‘बे’ म्हणजे काय येथपासून शिकवावें लागलें, तरी दुसऱ्या दिवसापर्यंत पाढा व हात दोन्हीही बऱ्यापैकीं स्वच्छ झाले होते. नखें मात्र घरूनच कापून न्यावीं हें उत्तम. धाकट्याला अंगठा चोखण्याची संवय आहे आणि ती चार दिवसांच्या सफरीपुरती सोडविण्याचा प्रयत्न म्हणजे सर्वांचीच सुटी बुडविणें; त्याचा अंगठा आम्ही दिवसांतून किती वेळां धुतला याची गणती नाहीं.

आणि तरीही तिसऱ्या दिवशीं पहांटे तोच ओकला. पाढे, नखें, धुतलेले अंगठे, सर्व कांहीं करून हें झालें; काळजी घेतली म्हणजे आजार येतच नाहीं, असा करार कोणी लिहून दिलेला नसतो.

खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. त्याच दिवशीं सकाळीं लक्षद्वीपाच्या एका बेटावर उतरावयाचें होतें. प्रवाळाच्या खडकांमुळें मोठी बोट दूर उभी राहते व उतारूंना लहान होड्यांतून नेतात. थोरल्यानें पाण्याखालचे मासे पाहण्याचा चष्मा मुंबईहून आणलेला, आणि तो त्यानें उशाशीं घेऊन रात्र काढलेली. जांवई म्हणाले, “बोट लागली असेल, दुसरें काय! कोणाला सांगूं नका. एकदां बोटीच्या डॉक्टरला कळलें कीं तो खोलीबाहेर पडूं देणार नाहीं.” ते गृहस्थ मुळींच वाईट नाहींत, वर्षभर पैसे सांठवून त्यांनीं ही सहल घडविली होती आणि ती एका पहांटेंत बुडतांना त्यांना दिसत होती. शिवाय ‘बोट लागली’ हा शब्द त्या वेळीं किती सोयीचा होता! परंतु समुद्र त्यांची साक्ष देईना. बोट लागलेलें मूल आधीं फिक्कें पडतें, जांभया देतें, त्याला गार घाम सुटतो, आणि हेलकावा थांबला कीं तें सुधारतें. येथें हेलकावा नव्हताच, आणि तासाभरांत धाकट्याला जुलाबही सुरू झाले. बोट लागून जुलाब होत नाहींत.

आमची मुलगी कांहीं वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “काल खेळण्याच्या खोलींत तीस-चाळीस मुलें होतीं.” एवढें बोलून तिनें दवाखान्याला फोन केला.

डॉक्टर आले, त्यांनीं तपासलें. विषाणूची खात्री प्रयोगशाळेवांचून होत नाहीं, पण तोच धरून चालावें असें म्हणाले. धाकट्यानें उलट्या-जुलाब थांबल्यावरही दोन दिवस खोलींतच राहावयाचें; थोरल्यानेंही त्या दिवशीं लहान होडीच्या गर्दींत जाऊं नये. थोरल्यानें आमच्याकडे पाहून विचारलें, “पण आजोबा, त्यानें आजच कां ओकायचें?” या प्रश्नाला उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. बेट खिडकींतून दिसत होतें: एक पांढरी रेघ, तिच्यावर हिरवी रेघ. चष्मा लावून तो बराच वेळ त्या रेघांकडे पाहत बसला.

या प्रसंगीं एक गोष्ट आम्हांला बोंचली, ती स्पष्ट लिहितों. बेटावर उतरण्याचे पैसे निराळे भरलेले होते. त्यांतील एक पैही परत मिळाली नाहीं. नियमांतच तसें लिहिलें होतें, म्हणून तक्रारीस जागा नाहीं. परंतु जो आजार सांगतो त्याचे पैसे बुडतात आणि जो लपवितो तो वाळूंत खेळून येतो, असा नियम करणाऱ्यांनीं उतारूंकडून सचोटीची अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी? खरें बोलणाऱ्याची रक्कम परत दिली, तर कंपन्यांचा सांथ निवारण्यावरील खर्चच वांचेल. तोंपर्यंत प्रत्येक सफरींत कोणी ना कोणी बाप ‘बोट लागली’ असें म्हणत राहणारच.

त्या दिवसाची शुश्रूषा मात्र अगदीं साधी होती. या विषाणूवर औषध नाहीं. मुलाचें पाणी व क्षार भरून काढणें एवढेंच हातीं असतें. त्यासाठीं जलसंजीवनीच्या पुड्या आम्हीं घरूनच आणल्या होत्या. सुंठीपेक्षां त्याच कामाला आल्या. १९७१ सालीं बांगलादेशाच्या युद्धांत बनगांवच्या निर्वासित छावणींत पटकी पसरली आणि शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत आलें, तेव्हां कलकत्त्याचे डॉ. दिलीप महालनबीस यांनीं साखर-मिठाचें पाणी पिंपांत कालवून रुग्णांच्या नातलगांच्याच हातीं दिलें. मृत्यूचें प्रमाण सुमारें ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खालीं आलें. त्या छावणींत आयांनीं जें केलें तेंच आमची मुलगी या वातानुकूलित खोलींत करीत होती: उलटीनंतर दहा मिनिटें थांबावयाचें आणि मग चमचा चमचा पाजावयाचें. मुलानें घटाघटा मागितलें तरी द्यावयाचें नाहीं, नाहींतर तें सगळें बाहेर येतें. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. याहून जास्त मीठ घालणें धोक्याचें. जुलाब बंद करण्याच्या मोठ्यांच्या गोळ्या मुलाला देऊं नयेत. सहा-आठ तास लघवी झाली नाहीं, डोळे खोल गेले, मूल ग्लानींत जाऊं लागलें किंवा शौचांतून रक्त पडलें, तर घरगुती शहाणपण बाजूला ठेवून तत्काळ डॉक्टर गांठावा.

धाकट्याला दुपारीं लघवी झाली तेव्हां ती बातमी आम्हीं एकमेकांना ज्या आनंदानें सांगितली, त्या आनंदानें परीक्षेचा निकालही कधीं सांगितला नसेल. संध्याकाळीं त्यानें भात मागितला. जांवईबापूंनीं हातमोजे घालून न्हाणीघर क्लोरीनच्या पाण्यानें स्वतः धुतलें. नोकराला हात लावूं दिला नाहीं. त्यानंतर ते बेसिनपाशीं उभे राहून हात धुऊं लागले, आणि थोरला त्यांच्या शेजारीं स्टुलावर चढून पाढ्याची देखरेख करूं लागला. बे नवे अठराला त्यांनीं नळ बंद केला, तेव्हां त्यानें तो पुन्हां सोडावयास लावला.