लाकूड कोणापासून घ्यावें?

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें आपल्या वाडवडिलांनीं म्हणून ठेविलें आहे. ह्यांतील दुसरें कृत्य आम्हीं तरुणपणीं वडिलांच्या जिवावर उरकून घेतलें. पहिलें मात्र साठी उलटल्यावर, निवृत्तिवेतनाच्या तुटपुंज्या शिलकीवर अंगावर घेतलें, आणि त्या म्हणीचा खरा अर्थ आम्हांस तेव्हां कोठें उमगला. ती सर्व कथा सांगूं गेल्यास मासिकाचीं पानें पुरणार नाहींत. म्हणून लाकूड कोणापासून घ्यावें, ह्या एकाच प्रश्नापुरती ती येथें सांगतों. ज्यांना स्वतः उभें राहून घर बांधावयाचें आहे, त्यांस तिचा कांहीं उपयोग होईल.

देवळींतील आमचें घर वडिलांच्या वेळचें. मातीच्या भिंती, सागवानी खांब आणि वर कवेलू. दोन वर्षांपूर्वींच्या पावसाळ्यांत त्याची मागची भिंत एका रात्रींत बसली. सकाळीं पाहतों तों भिंतीचा ढीग अंगणांत, आणि छप्पर मात्र होतें तेथेंच उभें! आमच्या वर्धा जिल्ह्यांतील काळी जमीन पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर जें ताठ राहूं पाहील तें चिरतें. हें जाणून जुन्या कारागिरांनीं घराचा भार भिंतीवर टाकिलाच नव्हता. दगडी उथळ्यांवर खांब, खांबांवर तुळया आणि तुळयांवर कड्या, अशा सांगाड्यानें तो पेलला होता. भिंत केवळ आडोशाची. घरांत जन्म घालवून ही गोष्ट आम्हांस भिंत पडल्यावर कळली.

पुण्यास असलेल्या चिरंजीवांनीं फोनवरून सल्ला दिला, "बाबा, आतां सरळ स्लॅब टाका." सल्ला बहुधा शहाणपणाचाच होता. परंतु मे महिन्यांत येथील पारा ४६ अंशांच्या घरांत जातो, तेव्हां स्लॅबाखालीं भाजून निघण्यापेक्षां कवेलूंखालीं माळा घालून राहणें बरें, असें आमच्या सौ.चें मत पडलें, आणि आमचेंही तेंच होतें. सांगाडा लाकडाचाच करावयाचा ठरला. पैसे कमी पडत होते. सौ.नीं न मागतां हातांतल्या पाटल्या काढून पुढें ठेविल्या. त्या घेतांना आम्हांस काय वाटलें, तें लिहिण्यासारखें नाहीं.

शनिवारवाड्याचा पाया १७३० सालीं घातला गेला, तेव्हां त्याचें सागवान जुन्नरच्या रानांतून, दगड चिंचवडहून आणि चुना जेजुरीहून आणविल्याचें प्रसिद्धच आहे. पेशव्यांच्या पदरीं रानें पारखणारीं माणसें होतीं. आमच्या पदरीं एक जुनी सायकल आणि संस्कृताचें थोडेंसें ज्ञान. एवढ्या सामग्रीवर आम्ही बाहेर पडलों.

प्रथम मोठ्या शहरांतील एका कारखान्याकडे पत्रव्यवहार केला. हे लोक घराचे सर्व लाकडी भाग कापून, त्यांवर अंक घालून पाठवितात. ते आणून जोडावयाचे, कीं घर तयार. ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेंत सियर्स नांवाच्या पेढीनें १९०८ ते १९४० ह्या काळांत अशीं सत्तर हजारांहून अधिक घरें टपालानें मागणी घेऊन विकिलीं; हजारों तुकडे रेल्वेनें येत आणि सोबत बांधणीचें पुस्तक असे. कारखान्याचीं उत्तरें सभ्य होतीं. लाकूड परदेशी पाइनचें. वाळवी लागूं नये म्हणून रसायन मुरविलेलें. थंड प्रदेशांत तें उत्तम असेलही. परंतु दहा वर्षांनीं एखादा खांब बिघडल्यास तशाच मापाचा, तशाच जातीचा खांब देवळीस कोण आणून देईल, ह्या आमच्या प्रश्नास उत्तर आलें नाहीं.

दुसरी वाट सरकारी आगारांची. आलापल्लीचा साग नामांकित, आणि बल्लारशाच्या आगारांत त्याचा लिलाव होतो. तेथील ओंडक्याचा दर ऐकून आम्ही हरखलों. चिरलेल्या लाकडाच्या दरापुढें तो फारच उतरता वाटला. पण ह्या ठिकाणीं गणिताकडे लक्ष द्यावयास हवें होतें. ओंडका मोजतांना त्याच्या वेढ्याच्या चतुर्थांशाचा वर्ग करून त्यास लांबीनें गुणितात. चार फूट वेढ्याचा व बारा फूट लांबीचा ओंडका ह्या रीतीनें १२ घनफूट भरतो. वास्तविक त्याचें घनफळ सव्वापंधरा घनफुटांवर असतें, म्हणजे रीत गिऱ्हाइकाच्या सोयीचीच आहे. परंतु त्यांतून एकच चौरस तुळई काढूं म्हटलें, तर भूमितीप्रमाणें ती पावणेदहा घनफुटांहून अधिक निघूंच शकत नाहीं. आणि साल, करवतीचा भुसा व सालीलगतचें पांढरें लाकूड वजा जातां हातीं त्याहूनही कमी येतें. ओंडक्याच्या दराशीं चिरलेल्या लाकडाचा दर ताडून पाहणारा मनुष्य फसतो. शिवाय वाहतूक, चिराई आणि वाळवणी हीं वेगळीं. आमच्या गरजेपुरती लहान थप्पी मिळण्याची वाट पाहण्याचा धीरही आम्हांस नव्हता.

म्हणून तिसरी वाट धरिली, आणि तेथेंच घसरलों. एका टालवाल्यानें आम्हांस खुर्ची दिली, चहा पाजला, आणि सोन्यासारख्या सागाचा एक तुकडा हातीं ठेविला. अयोध्येच्या राममंदिरासाठीं २०२३ सालीं बल्लारशाहून सागवान गेलें, हें सर्वांस ठाऊक आहे. "तोच माल आहे, गुरुजी," असें तो म्हणाला. रामाचें नांव निघाल्यावर आम्हीं अधिक चौकशी केली नाहीं. पाटल्यांच्या पैशांतून विसार दिला. पंधरा दिवसांनीं माल आला. चारही अंगांनीं तेल-रंग चोपडलेला, तोंडांवर गेरू फांसलेला. तो पाहण्यास आम्हीं गांवांतल्या सुतारास बोलाविलें. हा आमचाच जुना विद्यार्थी. सातवींत त्याला भूमितींत नापास केल्याचें आम्हांस पक्कें स्मरत होतें, आणि बहुधा त्यालाही.

त्यानें चाकूनें रंग खरवडला. खालीं लाकूड पांढरें फटक. "गुरुजी, हा गाभा नाही. सालीजवळचं लाकूड हाय. दोन पावसाळ्यांत वाळवी खाऊन जाईन." मग एक तुकडा कापून त्यानें तो तराजूंत घातला. चांगल्या वाळलेल्या सागाचा घनफूट साधारण अठरा ते वीस किलो भरतो. हा कितीतरी अधिक भरला, म्हणजे ओला. ओलें लाकूड सांध्यांत बसविलें कीं वाळतांना आक्रसतें, पिळतें आणि सांधा सोडतें. एवढ्या दोन परीक्षा खरेदीपूर्वीं केल्या असत्या, तर पुढची फजिती टळली असती. माल परत गेला. विसारापैकीं निम्मा आला. सौ. एवढेंच म्हणाल्या, "अहो, मुलांना शिकविलेंत तसें स्वतःही विचारून घ्यावयाचें होतें." ह्याहून कठोर शब्द आम्हीं उभ्या नोकरींत ऐकिला नव्हता.

निरोप घेतांना सुतारानें वर पाहिलें. आमच्या जुन्या सांगाड्याचा सौदा आम्हीं शहरांतल्या एका जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याशीं जवळजवळ ठरविला होता. हल्लीं अशा खांबांना बंगल्यांत व हॉटेलांत शोभेसाठीं मागणी असते. "कायले इकता, गुरुजी? असं लाकूड आता पाहाले भेटत नाही." शिडी लावून त्यानें आम्हांस माळ्याशीं नेलें. प्रत्येक सांध्यापाशीं, खांबाच्या कुसवावर आणि तुळईच्या खांचेवर, किकऱ्यानें मारलेल्या सारख्याच रेघा होत्या: येथें एक, तेथें दोन, पलीकडे तीन. खिळा एकही नाहीं. सर्व लाकडी खुंट्या. उलगडावा आणि पुन्हां जोडावा, असाच तो सांगाडा मूळ कारागिरानें केला होता. कारखाना जें विकीत होता, तें आमच्या डोक्यावर जन्मभर उभें होतें.

बारा खांबांपैकीं नऊ निर्दोष निघाले. तीन बुडाशीं कुजले होते, आणि त्याचें कारण ऐकून आम्ही खालीं पाहिलें. वीस वर्षांपूर्वीं स्वच्छतेच्या हौसेनें आम्हींच जमिनीवर सिमेंट घालून उथळीं बुजविलीं होतीं. दगडावर उंच राहून कोरडा राहणारा खांब त्या दिवसापासून ओलींत उभा राहिला. टालवाल्यास आम्ही चार लोकांत बोल लावीत होतों. हा दोष कोणाच्या माथीं मारावा?

राहिलेल्या तीन खांबांसाठीं व कांहीं कड्यांसाठीं पुन्हां लाकूड घेणें आलेंच. ह्या खेपेस सुतारास सोबत नेलें. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत, शय्यासनांच्या प्रकरणीं, शाक म्हणजे साग हा शुभ वृक्षांत गणिला आहे. आणि वीज पडलेला, वाऱ्यानें पाडलेला, शेंडा वाळलेला, वेलींनीं आवळलेला असे वृक्ष वर्ज्य सांगितले आहेत. वाटेंत आम्हीं त्याला हें सांगितलें. तो म्हणाला, शेंडा वाळला म्हणजे बहुतेक आंत कीड वा पोकळी असते. वीज पडलेल्यास आंतून तडा असतो. वेलीनें आवळलेल्याचा धागा पिळलेला असतो. जें आम्हांस शकुन वाटत होतें, तें त्याच्या लेखीं साधें अनुभवाचें ज्ञान होतें.

वर्ध्याच्या एका आरागिरणीवाल्यानें आम्हीं मागण्यापूर्वींच वाहतुकीचा परवाना दाखविला, ओंडक्यावरील वनखात्याच्या हातोड्याचा ठसा दाखविला, आणि ओंडका आमच्यादेखत चिरून पांढरें लाकूड स्वतः बाजूस काढिलें. "आतां लावूं नका, चार महिने सावलींत वाळवा," असेंही त्यानें सांगितलें. त्याचा दर टालवाल्याहून अधिक होता; आम्हीं घासाघीस केली नाहीं. पट्ट्या घालून रचलेलें तें लाकूड पडवींत वाळत असतां आम्ही एकदां सेवाग्रामास जाऊन आलों. १९३६ सालीं गांधीजी त्या गांवीं राहावयास आले. त्यांची कुटी माती, बांबू, लाकूड आणि कवेलू ह्या इथल्याच वस्तूंची. ती अजून उभी आहे, कारण तिची डागडुजी करणारे हात आणि लागणारें सामान, दोन्ही हातच्या अंतरावर आहेत.

आमचा निष्कर्ष एवढाच: लाकूड विकणारा निवडतांना दर व नमुना मागाहून पाहावा. आधीं हें पाहावें कीं, तो ओंडका आपल्यासमोर कापूं देतो काय, त्याचें दोष स्वतः सांगतो काय, आणि दहा वर्षांनीं खांब बिघडल्यास जाऊन उभें राहण्याइतका जवळ आहे काय. आणि ह्या सर्वांच्याही आधीं, आपल्या घराच्या छताकडे एकदां जाणत्या माणसासह पाहून घ्यावें.

घर गेल्या वैशाखांत उभें राहिलें. उथळीं ह्या वेळीं उघडीं ठेविलीं आहेत. पाटल्या मात्र अद्याप झाल्या नाहींत; सौ. त्यांचें नांव काढीत नाहींत, आणि आम्ही ते विसरत नाहीं. नव्या तीन खांबांवर सुतारानें आपल्याही खुणा घातल्या आहेत. कोणता अंक घातलास, असें विचारतां तो म्हणाला, "नऊच्या पुढून मोजलं, गुरुजी." गणित बरोबर होतें.