अंगावरचे वळ

न्यूयॉर्कच्या रस्त्यावर न्यूड काढायचं ठरलं की माझी पहिली सूचना कपड्यांबद्दलच असते. आदल्या रात्रीपासून घट्ट काही घालायचं नाही. मोज्यांचं, अंतर्वस्त्रांचं इलॅस्टिक कातडीवर वळ उठवतं आणि ते जायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. रस्त्यावर आपल्या हाती असतात जेमतेम दोन मिनिटं. म्हणून मॉडेल, बाई असो की पुरुष, सैल गाऊन आणि सपाता घालून येतात.

बाकीचं काम कपड्यांतच उरकतं. असिस्टंट नेमक्या जागी उभा राहतो, त्याच्यावर एक्स्पोजर आणि फोकस ठरतो. वाइड लेन्समध्ये माणूस फ्रेमच्या कडेला गेला तर हातपाय ताणल्यासारखे दिसतात, म्हणून त्याला मध्याजवळ ठेवायचं. कॅमेरा वर कलला की मागच्या इमारती झुकतात, तेही सांभाळायचं. मग झाडू. हो, झाडू! फुटपाथवर बाटलीच्या काचा असतातच.

वेळ रविवारची, सूर्य वर यायच्या आधीची. तेव्हा वर्दळ नसते, लहान मुलं नसतात. शिवाय त्या उजेडाला धारदार सावली नसते, कातडी आणि दगड सारख्याच मऊपणे उजळतात.

न्यूयॉर्क राज्याच्या नग्नतेविरुद्धच्या कलमात नाटक, प्रदर्शन वगैरे करणाऱ्यांना सूट आहे. तिचा आधार घेऊन फोटोग्राफर स्पेन्सर ट्युनिक शहराशी कोर्टात भांडला. त्याआधी अटकाही सोसल्या होत्या. 2000 साली प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि त्याला फोटो काढता आले. पुढे 2007 मध्ये मेक्सिको सिटीच्या झोकालो चौकात त्यानं सुमारे 18,000 माणसं विवस्त्र उभी केली. त्याच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे, फोटोंबद्दल जरा कमी. एवढ्या गर्दीत अंगाची जमीन होते. कुणाच्या अंगावरचा काटा दिसत नाही, कुणाचं अवघडणं दिसत नाही.

एकटा माणूस उभा केला की शहर दिसू लागतं. इथल्या कित्येक बाकांवर मधोमध लोखंडी हात बसवलेले असतात, कुणी आडवं होऊ नये म्हणून. कोट घालून बसणाऱ्याला ते खुपत नाहीत. उघड्या मांडीत ते रुततात, आणि मला फोटो हवा असतो तो त्या रुतण्याचा.

‘मुंबईत कधी?’ असं तिकडचे मित्र विचारतात. 1995 ची टफ शूजची जाहिरात आठवा: विवस्त्र मॉडेल मिलिंद सोमण आणि मधू सप्रे, एक अजगर, आणि कॅमेऱ्यामागे प्रबुद्ध दासगुप्ता. ती काही भर रस्त्यावर काढलेली नव्हती, तरी खटला 14 वर्षं चालला, निर्दोष सुटका झाली ती 2009 मध्ये. फोटोग्राफर नेहमी कपड्यांत असतो. दुसऱ्याच्या अंगावर मी ती जोखीम घालणार नाही.

म्हणूनच संमतिपत्रावर सही आधी झाली असली तरी निवड नंतर मॉडेलबरोबर बसूनच करतो. एका साठीच्या बाईंनी मला सगळ्यात आवडलेली फ्रेम नाकारली. पोटावरच्या टाक्यांच्या जुन्या व्रणाचं त्यांना काही नव्हतं. तळवे काळे दिसत होते, ते त्यांना खपेना. मी म्हटलं, ती तर रस्त्याची खूण. त्या म्हणाल्या, ‘असू दे, पुसून टाक.’ फ्रेम पुसली.